बहुराष्ट्रीय कंपन्यांचा अभ्यास ताळेबंदाच्या टिपांपासून सुरू व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यवस्थापन शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घेण्यासाठी गेली काही वर्षे मी बहिःस्थ परीक्षक म्हणून जात असतो. त्याआधीची माझी जवळजवळ सगळी नोकरी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या लेखा विभागात, निरनिराळ्या देशांतील उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करून एकच ताळेबंद उभा करण्याच्या कामात गेली. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय व्यवसायात बहुराष्ट्रीय कंपन्यांसमोरील सध्याची आव्हाने : एक अभ्यास’ या शीर्षकाचा, किंवा त्यातले दोन शब्द पुढेमागे केलेला, प्रकल्प हाती आला की मी तो जरा जास्तच आस्थेने उघडतो, आणि बहुतेक वेळा तितक्याच लवकर मिटतो. भाषा, संस्कृती, चलन, कायदे, राजकीय अस्थिरता, स्पर्धा, मनुष्यबळ अशी यादी त्यात ठरलेल्या क्रमाने येते, प्रत्येक मुद्द्याला दोन परिच्छेद मिळतात, आणि शेवटी ‘कंपन्यांनी या आव्हानांना संधी मानावे’ अशी शिफारस असते. या विषयाचा अभ्यास कसा चालतो आणि कसा चालावा, याबद्दल आपल्या वाचकांपुढे काही मांडावे, म्हणून हे पत्र.

मागच्या खेपेस एका विद्यार्थिनीने एका मोठ्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीवर प्रकल्प केला होता. ‘राजकीय जोखीम’ या प्रकरणात तिने तीन व्याख्या नीट मांडल्या होत्या. मी विचारले, ‘या कंपनीचा वार्षिक अहवाल तुम्ही पाहिलात का?’ तिने पाहिला होता. अध्यक्षांचे निवेदन आणि सुरुवातीचे रंगीत तक्ते वाचले होते. मागच्या बाजूच्या बारीक टंकातल्या टिपा वाचल्या का, असे विचारल्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘सर, ते अकाउंट्सवाल्यांसाठी असते असे आम्हाला सांगितले आहे.’ या उत्तरात तिची काहीच चूक नव्हती. ज्यांनी तिला हे सांगितले, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

पाठ्यपुस्तकांत सांस्कृतिक आव्हानांना जितकी पाने मिळतात, तितकी त्यांची आज योग्यता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅरिसजवळचे डिस्नेलँड १९९२ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथे वाइन मिळत नव्हती आणि फ्रेंच पाहुणे त्यावर नाराज झाले, हे उदाहरण पिढ्यान्पिढ्या शिकवले जाते. पण ती चूक कंपनीने पुढच्याच वर्षी दुरुस्त केली. ग्राहकाची आवड ओळखण्यात झालेली चूक कंपनीला स्वतःच्या अखत्यारीत, थोडा पैसा आणि थोडा अहंकार खर्चून सुधारता येते. आज ज्या गोष्टी संचालक मंडळांची झोप उडवत आहेत, त्या कंपनीच्या अखत्यारीतच नाहीत. आणि त्या तशा का आहेत, हे समजण्यासाठी बहुराष्ट्रीय कंपनी मुळात कशाची बनलेली असते, याकडे आधी पाहावे लागते.

कायद्याच्या नजरेला ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ नावाची एकच एक व्यक्ती दिसत नाही. दिसतात त्या शेकडो स्वतंत्र कंपन्या, आणि त्यांतली प्रत्येक कोणत्या ना कोणत्या देशात नोंदलेली, त्या देशाच्या कायद्याने जन्मलेली आणि त्याच कायद्याने बांधलेली असते. त्यांना एकत्र ठेवणारी दोरी म्हणजे भागभांडवलाची मालकी, आणि ती मालकी प्रत्येक देश मान्य करतो हा विश्वास. गेली तीस-पस्तीस वर्षे हा विश्वास इतका गृहीत धरला गेला, की तो विश्वास आहे याचाच विसर पडला.

नेक्सपेरिया या कंपनीचे २०२५ मधले प्रकरण यासाठी मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. हिचे मुख्यालय नेदरलँड्समधल्या नायमेखन येथे, सिलिकॉनच्या चकत्या तयार करणारा मोठा कारखाना जर्मनीत हॅम्बुर्गला, त्या चकत्या कापून, आवरणात बसवून विक्रीयोग्य सुटे भाग बनवण्याचे बहुतांश काम चीनमधल्या डोंगग्वानला, आणि मालकी विंगटेक या चिनी कंपनीकडे. उत्पादन म्हणाल तर डायोड आणि ट्रान्झिस्टर, म्हणजे अत्यंत साधे, किरकोळ किमतीचे, पण प्रत्येक मोटारीत शेकड्यांनी लागणारे भाग. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने विंगटेकला निर्यात-निर्बंधांच्या यादीत टाकले होते. २९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने हे निर्बंध यादीतल्या कंपन्यांची निम्मी किंवा अधिक मालकी असलेल्या उपकंपन्यांनाही लागू केले. दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्सच्या सरकारने, कंपनीचे तंत्रज्ञान आणि उत्पादनक्षमता देशाबाहेर जाईल अशी भीती दाखवत, वस्तूंच्या उपलब्धतेसंबंधीचा १९५२ सालचा एक कायदा वापरून कंपनीच्या निर्णयांवर नियंत्रण आणले. पाठोपाठ ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने चिनी मुख्याधिकाऱ्याला निलंबित केले. चीनने ४ ऑक्टोबरला डोंगग्वानहून होणारी निर्यात थांबवली. मुख्यालयाने डोंगग्वानला चकत्या पाठवणे बंद केले, आणि चीनमधल्या शाखेने आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले की बाहेरून येणारे आदेश पाळण्याचे त्यांच्यावर बंधन नाही. होंडाला मेक्सिकोतल्या कारखान्यातले उत्पादन थांबवावे लागले. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला, पण कंपनीच्या दोन अंगांमधले वैर त्याने मिटले नाही.

या प्रकरणाला यादीतल्या कोणत्या मुद्द्याखाली घालणार? राजकीय जोखीम म्हणावे, तर मालकी, न्यायालय, पुरवठा साखळी आणि कामगारांची निष्ठा हे सगळेच त्यात आहे. कारखाने जळले नव्हते, मालाला मागणी होती, पैशाची टंचाई नव्हती. एका कंपनीचे हात आणि पाय निरनिराळ्या सरकारांच्या ताब्यात आहेत, एवढेच उघड झाले होते. डोंगग्वानच्या पाळीवर काम करणाऱ्या माणसाने कोणाचा ईमेल आपल्या वरिष्ठाचा मानायचा, हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत खोल वाटतो. संघटनशास्त्राच्या तासाला तो कोणी विचारत नाही.

दोन सरकारे परस्परविरोधी आज्ञा देतात, तेव्हा काय होते याचे जुने आणि स्वच्छ उदाहरण टोटाल या फ्रेंच तेलकंपनीचे आहे. तिने २०१७ मध्ये इराणच्या साउथ पार्स वायुक्षेत्राचा करार केला. २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत आले. युरोपीय संघाने लगेच १९९६ चा आपला प्रतिरोधक कायदा अद्ययावत केला. त्यानुसार युरोपीय कंपन्यांना अमेरिकेचे ते निर्बंध पाळण्यास मनाई होती. म्हणजे राहिले तर अमेरिकेचा गुन्हा, आणि निर्बंधांमुळे निघाले तर युरोपचा. टोटाल बाहेर पडली. तिने दिलेले कारण मी विद्यार्थ्यांना शब्दशः वाचायला लावतो : तिच्या वित्तव्यवहारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक व्यवहारांत अमेरिकी बँकांचा सहभाग होता. डॉलरमधला व्यवहार जगात कुठेही झाला तरी त्याची पूर्तता बहुधा न्यूयॉर्कच्या खात्यांतून होते, आणि तिथे अमेरिकेचा कायदा बसलेला असतो. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाशी केलेल्या अशाच व्यवहारांपायी २०१४ मध्ये सुमारे ९ अब्ज डॉलर भरले होते. टोटालच्या संचालकांना ते आठवत असणारच. ‘चलन’ या शब्दाखाली आमचे विद्यार्थी फक्त विनिमय दराचे चढउतार लिहितात. चलन ही हुकमत आहे, हे त्यांच्या लेखी येतच नाही.

माहितीच्या साठ्याबाबत हाच पेच निराळ्या वेशात येतो. युरोपातल्या ग्राहकांची माहिती अमेरिकेत नेण्याची व्यवस्था युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एकदा आणि २०२० मध्ये दुसऱ्यांदा रद्द केली. तिसरी २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी आयर्लंडच्या नियामकाने फेसबुकची मालक असलेल्या मेटाला अशी माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल १.२ अब्ज युरोंचा दंड केला. आणि २०१८ चा अमेरिकेचा कायदा म्हणतो, की अमेरिकी कंपनीकडची माहिती परदेशात साठवलेली असली तरी रीतसर आदेश आल्यास ती सादर करावी. मालाबाबतही तेच. कपडे विकणाऱ्या एच अँड एम या कंपनीने चीनच्या शिनच्यांग प्रदेशातल्या कापसामागच्या वेठबिगारीच्या आरोपांविषयी चिंता व्यक्त केली होती, म्हणून मार्च २०२१ मध्ये चीनमधल्या ऑनलाइन बाजारांनी तिचे नाव काढून टाकले. आणि जून २०२२ पासून त्याच प्रदेशाचा धागा असलेला माल वेठबिगारीचा नाही हे सिद्ध केल्याखेरीज अमेरिकेत उतरत नाही. बोलले तरी फटका, गप्प राहिले तरी फटका.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट. परकीय चलनावर कडक नियंत्रण असलेल्या एका देशात आमची उपकंपनी होती आणि ती उत्तम चालत असे. दर तिमाहीला तिची बँकेतली शिल्लक आमच्या तक्त्यात ‘रोख व बँक शिल्लक’ या ओळीत दिमाखात बसलेली दिसे. पण तो पैसा डॉलरमध्ये बदलून बाहेर आणायचा, तर तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या परवानगीची रांग होती आणि ती रांग हलत नव्हती. अधिकृत दर एक, बाजारातला दर त्याच्या कितीतरी वर. तिथल्या व्यवस्थापकाने पैसा कुजू नये म्हणून दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरले, गरजेपेक्षा जास्त कच्चा माल भरून ठेवला, आणि गोदामाचे छप्पर नवे केले, ज्याची काहीही आवश्यकता नव्हती. मुख्यालयातून त्याला ‘खर्चावर नियंत्रण ठेवा’ अशी पत्रे जात होती. तो बिचारा नियंत्रणच ठेवत होता. पैशाची घसरण त्याला दिसत होती, मुख्यालयाला दिसत नव्हती. वर्षअखेरीस लेखापरीक्षकाने बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, ‘हे पैसे पुढच्या बारा महिन्यांत इथे येतील, असे तुम्ही लिहून द्याल का?’ आम्ही लिहून दिले नाही. मग शिल्लक होती तिथेच राहिली, पण तिच्याखाली चार ओळींची टीप आली. त्या वर्षीच्या अहवालातली सर्वांत खरी माहिती त्या चार ओळींत होती.

हे काही आमच्याच वाट्याला आले असे नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१५ मध्ये व्हेनेझुएलातल्या आपल्या उपकंपन्या एकत्रित ताळेबंदातून वगळल्या आणि त्यापोटी २.१ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. मालकी तशीच होती, कारखाने चालू होते, साबण विकला जात होता. फक्त तिथल्या पैशावर आणि निर्णयांवर आपले नियंत्रण उरले आहे, असे म्हणायला लेखाशास्त्राने परवानगी दिली नाही. नायजेरियात तिकिटांचे पैसे अडकले, म्हणून एमिरेट्सने २०२२ मध्ये तिथली उड्डाणे थांबवली होती. २०२३ च्या जूनमध्ये कार्ल्सबर्गने रशियातला बाल्टिका हा आपला बिअरचा व्यवसाय विकण्याचा करार केला आणि पुढच्याच महिन्यात रशियाने हुकूम काढून तो सरकारी व्यवस्थापनाखाली घेतला. रेनो या फ्रेंच मोटारकंपनीने त्याआधी, मे २०२२ मध्ये, तिथला आपला व्यवसाय नाममात्र एका रूबलला देऊन टाकला. सहा वर्षांत परत घेण्याचा हक्क तेवढा राखून ठेवला. कोणी शहाणपणा केला आणि कोणी भाबडेपणा, हे ठरवणे सोपे नाही, आणि म्हणूनच ते परीक्षेत विचारण्यासारखे आहे.

कराचा विषय आमच्या प्रकल्पांत ‘निरनिराळ्या देशांचे निरनिराळे करदर’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो. प्रत्यक्षात प्रश्न दराचा कमी आणि नफा कोणत्या देशात झाला असे म्हणायचे, याचा अधिक असतो. एकाच समूहातल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना माल, कर्ज किंवा व्यापारचिन्हाचा वापर विकताना किंमत कोणती लावायची, म्हणजे ज्याला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात, त्यावर हे सगळे उभे असते. यंत्र दिसते, त्याची बाजारातली किंमत काढता येते. पण एखाद्या नावाच्या वापराची ‘त्रयस्थांमधली’ किंमत कोणी सांगावी, जेव्हा त्रयस्थाला ते नाव कधी मिळणारच नाही? ॲपलच्या खटल्यात युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये आयर्लंडला ॲपलकडून १३ अब्ज युरोंचा कर वसूल करायला सांगितले. कर मिळणार होता तो आयर्लंडच ‘आम्हाला नको’ म्हणत न्यायालयात गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हरला. जगाच्या करव्यवस्थेतला याहून मोठा विनोद मला तरी माहीत नाही. दरम्यान २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी किमान १५ टक्के कराचे तत्त्व मान्य केले, ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या समूहांसाठी. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये त्यातून अंग काढून घेतले.

अमेरिकेच्या आयात शुल्काबद्दल एप्रिल २०२५ पासून इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालत नाही. एकच सांगतो : शुल्काचा दर वर्तमानपत्रात छापून येतो, पण तो दर आपल्या खोक्याला लागू आहे की नाही, हे ठरते मूळ देशाच्या दाखल्यावर. तीन देशांत थोडे थोडे काम झालेली वस्तू शेवटी कोणत्या देशाची, यावर कंपन्यांचे वकील महिने घालवतात, आणि त्याचा निकाल दुसऱ्या देशाचा सीमाशुल्क अधिकारी फिरवू शकतो. या निर्णयांविरुद्ध सरकारांना जिथे दाद मागता येत असे, त्या जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळात डिसेंबर २०१९ पासून सुनावणीपुरतेही सदस्य नाहीत.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, की मी बहुराष्ट्रीय कंपन्यांची कीव करतो आहे. तसे मुळीच नाही. ज्या सीमा आज त्यांना आडव्या येतात, त्याच सीमांच्या फटींतून त्यांनी कित्येक वर्षे स्वस्त मजुरी, सैल नियम आणि कमी कर वेचले. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली, तेव्हा तिथे कपडे शिवून घेणाऱ्या कित्येक नामांकित नाममुद्रांची पहिली प्रतिक्रिया होती, की हे कारखाने आमचे नाहीत. ‘आमची कंपनी वेगळी, त्यांची कंपनी वेगळी’ हा युक्तिवाद तेव्हा सोयीचा होता. पुरवठादाराच्या कृत्यांचीही जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा युरोपीय कायदा २०२४ मध्ये आला आणि वर्षभरातच त्याची अंमलबजावणी लांबवून तो पातळ करण्याचे काम सुरू झाले. विद्यार्थ्याने ‘आव्हाने’ म्हणून लिहिलेल्या अर्ध्याअधिक गोष्टी कोणाच्या तरी दृष्टीने न्याय असतात. ती दुसरी बाजू प्रकल्पात किमान एका पानावर तरी यावी.

माझी सूचना व्यवहारी आहे. प्रकल्पासाठी विद्यार्थ्याने एकच कंपनी आणि एकच वर्ष घ्यावे. तिच्या वार्षिक अहवालातली उपकंपन्यांची यादी काढावी. ती कित्येकदा दहा-दहा पाने भरते आणि कोणीही ती वाचत नाही. त्यातली कोणती कंपनी कारखाना चालवते, कोणती फक्त व्यापारचिन्ह सांभाळते आणि कोणती नुसताच पैसा फिरवते, हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. मग रोकडीवरची टीप, संभाव्य देण्यांची (म्हणजे पुढे कदाचित द्याव्या लागतील अशा रकमांची) टीप, कराच्या वादांची टीप आणि देशवार विक्रीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. विक्री एका देशात, नफा दुसऱ्यात आणि वाद तिसऱ्यात असा नकाशा तयार होऊ लागला, की ‘आव्हाने’ हा शब्द न वापरताही ती दिसायला लागतात. यासाठी महागडी माहितीसंचिका लागत नाही. अहवाल फुकट उपलब्ध असतात, चिकाटी तेवढी लागते. शिक्षकांनाही टिपा वाचण्याची सवय लावून घ्यावी लागेल, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर खरी अडचण तिथेच आहे.

त्या विद्यार्थिनीला मी सुधारणेसाठी दोन आठवडे दिले होते. ती परत आली तेव्हा प्रकल्पातली पन्नासेक पाने कमी झाली होती आणि एक तक्ता वाढला होता : ज्या देशांतून पैसा बाहेर आणता येत नाही, असे कंपनीनेच कबूल केलेले देश आणि तिथली शिल्लक. एका देशापुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते, कारण गेल्या वर्षीच्या टिपेत त्याचे नाव होते आणि यंदा नव्हते. पैसे सुटले, की व्यवसायच विकला? मलाही सांगता आले नाही. आम्ही दोघांनी मिळून अहवालात शोधले आणि विक्रीची नोंद आणखी चाळीस पानांनंतर एका वाक्यात सापडली.

आपल्याकडे एक विनंती. कंपन्यांचे वार्षिक निकाल आपण छापता, तेव्हा विक्री आणि नफ्याच्या आकड्यांसोबत अशा एखाद्या टिपेलाही दोन ओळींची जागा द्यावी.

आपला,
एक निवृत्त लेखा अधिकारी